रिकाम्या खान्यांचा हिस्सा

१

धान्याच्या धंद्यात कोणी पोतं ओतून पाहत नाही. परखी घ्यायची, म्हणजे ती टोकदार पोकळ नळी, पोत्याच्या कुशीत खुपसायची. तळहातावर मूठभर तांदूळ येतो. तो फुंकायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि अख्ख्या ट्रकचा भाव बोलायचा. शाळा मी सातवीत सोडली, पण ही विद्या मला कोणत्या शाळेनं दिली असती? मुठीवरून ढीग ओळखणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणूनच पुढं जे झालं ते माझ्या लवकर ध्यानात आलं. न येतं तर बरं झालं असतं.

फुलचूर गावाच्या पुढं, रस्त्यापासून थोडं आत, माझं तांदळाचं गोदाम आहे. लांबलचक, टिनाच्या छपराचं. मागचं दार चोरीच्या भीतीनं मी वेल्डिंग करून बंद केलेलं, त्यामुळं जाणं-येणं एकाच सरकत्या लोखंडी दारानं. आत पोत्यांच्या थप्प्या छपराला टेकायला आलेल्या, आणि थप्प्यांच्या मधून माणूस अंग चोरून जाईल एवढ्या गल्ल्या. तांदळाला सोंडे, म्हणजे सोंडकिडे, लागले की थप्प्यांवर ताडपत्र्या ओढायच्या, कडांवर रेतीच्या लांबट पिशव्या दाबायच्या, खाली विषारी गोळ्या ठेवायच्या, दाराच्या फटी चिकटपट्टीनं बुजवायच्या आणि आठवडाभर तिकडं फिरकायचं नाही. त्या हवेत किडा जगत नाही. माणूस तर नाहीच नाही.

एका वर्षी ऐन दार ओढायच्या वेळी आतून घोरणं ऐकू आलं. सुकराम! माझा जुना हमाल. जेवण करून मागच्या गल्लीत, गार फरशीवर आडवा झालेला. हलवून उठवला तर म्हणतो, "थांबाचं ना जी सेठ, सपनात आत्ताच पंगत बसली होती." सगळे हसले. मीही हसलो. घरी अनुसयाबाईला, म्हणजे बायकोला, ही गंमत सांगायला बसलो आणि अर्ध्यात माझा घास हातातच राहिला. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "घोरला नसता तर?"

दुसऱ्याच दिवशी मी संघदीपला बोलावलं.

२

संघदीप गजभिये जवळच्या कुडवा गावचा. इंजिनिअर झालेला, नागपुरात नोकरी करून परत आलेला, कॉम्प्युटरचं दुकान टाकलेला. गोदामाच्या गेटवर त्यानं डेटाबेस बसवून दिला. गणित साधं. आत जाणाऱ्याचं नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. माझी मुलगी डिंपल बी.कॉम. होऊन घरीच होती, ती गेटवर बसू लागली. बाहेरच्या वेळेचा खाना रिकामा, म्हणजे माणूस अजून आत. एकही खाना रिकामा नसेल तरच गोळ्या ठेवायच्या, हा माझा कायदा.

काही वर्षांत त्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, ढिगानं ओळी जमल्या. एक दिवस संघदीप दुरुस्तीला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "काकाजी, हा डेटाबेस काही शोधायच्या आधी अंदाज बांधते बरं का. किती ओळी निघतील, कोणत्या वाटेनं गेलं तर लवकर सापडतील."

"अन् अंदाज कशावरून?"

"टेबलातून इथून-तिथून काही ओळी उचलते. त्यावरून एकेका कॉलमची आकडेवारी काढून वेगळी ठेवते. कोणतं नाव जास्त येते, सगळ्यात आधीची वेळ कोणती, सगळ्यात नंतरची कोणती, किती हिस्सा रिकामा."

"अरे, ही तर परखी!"

तो हसला. "आमच्या मास्तरले हे सांगायला अख्खा तास लागला होता जी."

मी मात्र हसलो नाही, कारण मला मुन्नालाल दलाल आठवला. हा माणूस कोणाला कधी विचारायचा नाही की काय घेतलं, काय विकलं. दुकानाच्या ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा, आणि कचऱ्यात फेकलेल्या नमुन्याच्या पुड्या खिशात घालून निघून जायचा. संध्याकाळी साऱ्या बाजाराचा माल त्याच्या तोंडपाठ. गोदामाला कुलूप आणि पुड्या रस्त्यावर, अशी आमची हुशारी!

"संघदीप, त्या आकडेवारीत खरी नावं, खऱ्या वेळा पडतात ना?"

"पडतात."

"मग ती पण टेबलाएवढ्याच कुलपात पाहिजे."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काकाजी, मोठ्या कंपन्या टेबल बंद करतात अन् हे उघडं सोडून देतात." त्यानं तिथल्या तिथं बंदोबस्त केला. आकडेवारी पाहायची परवानगी फक्त मला आणि त्याला. डिंपललाही नाही. आणि त्यात लिहायची परवानगी? "कोणालेच नाही. मशीन नमुना घेते अन् मशीनच लिहिते. मी पण हात लावू शकत नाही."

नमुना नव्यानं घ्यायचं एक बटण त्यानं मला करून दिलं. लोक संध्याकाळी टीव्ही पाहतात. मी गेटवर बसून माझ्या गोदामाची मूठ पाहायचो.

३

त्या वर्षी, दिवाळीनंतर, सोंडे फार झाले. गोळ्या ठेवायचं ठरलं. संध्याकाळी हमाल घरी गेले, डिंपलनं टेबलाला विचारलं, आत कोण आहे? कोणी नाही. एकही रिकामा खाना नाही.

सवयीनं मी आकडेवारी उघडली. बाहेरच्या वेळेच्या कॉलमपुढं, रिकाम्या खान्यांचा हिस्सा, तिथं शून्य नव्हतं. बारीकसा आकडा होता.

संघदीपला फोन लावला. तो म्हणाला, "नमुना दुपारी घेतला असेल. तेव्हा हमाल आतच असतात ना. शिळा आहे तो. आता नवा घ्या."

पटलं. बटण दाबलं. क्षणभरात नवी आकडेवारी आली.

आकडा तिथंच.

डिंपलला पुन्हा विचारायला लावलं. "नाही बाबूजी, कोणीच नाही. सगळ्यांची बाहेरची वेळ भरलेली आहे." मी तिच्या खांद्यावरून वाकून खालपासून वरपर्यंत ओळी चाळल्या, डोळे चुरचुरेपर्यंत. रिकामं काही नव्हतं. पण मशीननं याच टेबलात मूठ घातली होती आणि तिच्या मुठीत आलेल्या कोणाला तरी बाहेरची वेळ नव्हती.

मी गोळ्यांचा डबा परत कपाटात ठेवला.

"काऊन?" डिंपलनं विचारलं.

"उद्या पाहू," म्हटलं. व्यापारी माणूस उद्यावर ढकलतो तेव्हा भावाचा विचार करत असतो असं लोकांना वाटतं. ते एक बरं आहे.

४

संघदीप येऊन बसला. मी नमुना घ्यायचो, तो पाहायचा. सकाळी, हमाल यायच्या आधी. संध्याकाळी, दाराला कुलूप लावल्यावर. रविवारी, जेव्हा गेटवर आम्हा दोघांशिवाय कुत्रं नव्हतं. दर वेळी आकडा शून्याच्या वर.

"कुठंतरी एखादी खराब ओळ लपली असेल," तो म्हणाला. "दिसत नाही, पण नमुन्यात येऊन जाते."

"एवढ्या ढिगात एकच ओळ?"

"हो."

"अन् दर मुठीत तीच?"

मी तीस वर्षं परखी मारली आहे. पोत्यात काळा दाणा एकच असेल तर तो परखीला एकदा लागेल, दुसऱ्यांदा लागणार नाही. दर वेळी तळहातावर काळा दाणा येत असेल तर तो एक नसतो. हे मी संघदीपला बोललो नाही. त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, त्याला कळलंच असणार. त्यानं चहा अर्धा टाकला.

मग त्यानं टेबलाची पूर्ण नक्कल घेतली आणि कुडव्याला आपल्या दुकानात नेली. तिथून त्याचा फोन आला, आवाजात हुरूप होता. "शून्य आहे काकाजी! इथं शून्य येऊन राहिलं. तुमची मशीनच बिघडली." दुपारी तो आपली मशीन गाडीला बांधून घेऊन आला. तीच नक्कल, तीच मशीन. गेटवर ठेवली, वायर लावली, मी बटण दाबलं.

त्याच्या दुकानात शून्य होतं. माझ्या गेटवर नव्हतं.

"व्होल्टेजचं काही असेल," तो म्हणाला, आणि ते त्यालाही खरं वाटलं नाही. माल बदलला, परखी बदलली. बदललं नव्हतं ते फक्त समोरचं दार.

जाताना गाडी सुरू करून तो म्हणाला, "काकाजी, मी आकडेवारी घ्यायचं बंदच करून देऊ का? अंदाज नसला तर डेटाबेस थोडा हळू चालेल, बस."

मी नको म्हटलं. आत कोणी असेल तर मला ते माहीत असायला हवं होतं. आणि दाराला चिकटपट्टी लावणारा मी होतो.

५

सोंडे कोणाची वाट पाहत नाहीत. पोत्याला कान लावला की बारीक कुरकुर ऐकू यायची, हजार सुया तांदळात फिरत असल्यासारखी. आणखी आठ दिवस गेले असते तर माल जनावरांनाही घालता आला नसता. डिंपलचं लग्न ठरायच्या बेतात होतं आणि माझं सगळं त्या थप्प्यांत होतं.

मी सुकरामला घेऊन आत गेलो. सकाळचं ऊन होतं, दार सताड उघडं. डिंपलनं दोघांची नावं टाकली.

एकेक गल्ली पाहिली. मी पुढं, सुकराम मागं, त्याच्या हातात बॅटरी. गोदामात एक शांतता असते, पोती आवाज पिऊन टाकतात. बोललेलं तोंडासमोरच मरतं. तिसऱ्या गल्लीत सुकराम थांबला आणि त्यानं थप्पीला तळवा टेकवला.

"सेठ, पोतं गरम लागून राहिलं."

"सोंडे लागले की माल तापतोच."

"हा सोंड्याचा ताप नाही जी. कोणी बसून उठलं की बाज गरम राहते ना, तसं आहे."

"बकवास बंद कर," मी म्हटलं. पण मीही हात लावला, आणि लगेच काढून घेतला.

शेवटच्या गल्लीपर्यंत गेलो. वेल्डिंग केलेलं दार, त्यावर जळमटं, अखंड. फरशीवर नेहमीसारखी कणी सांडलेली. कोणी नाही. परत फिरलो तेव्हा आमच्या पायांखाली कणी चुरत होती, आणि मला वाटलं, आम्ही थांबलो की तो आवाज आमच्यानंतर थांबतो. मी मुद्दाम एकदा अचानक उभा राहिलो. सुकराम माझ्या पाठीवर आदळला.

"काय झालं जी?"

"तू चालत होतास का आत्ता?"

"तुमच्या मांगंच तर आहो."

बाहेर आलो. डिंपलनं दोघांच्या वेळा भरल्या. सगळे हमाल मी दारासमोर उभे केले, एकेकाचं नाव घेतलं, एकेकाचा 'हाव जी' ऐकला. माझ्या ओळखीचं, माझ्या पगारावरचं, प्रत्येक माणूस माझ्यासमोर उन्हात उभा होता. आता आतमध्ये कोण राहणार? ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी मी माझा माल सडवू?

ताडपत्र्या ओढल्या. रेतीच्या पिशव्या दाबल्या. गोळ्या ठेवून सुकराम शेवटचा बाहेर आला. दार मी स्वतः ओढलं आणि पट्टीही मी स्वतः लावली.

त्या संध्याकाळी मी आकडेवारी पाहिली नाही.

६

दोन दिवसांनी दुपारी सुकराम गेटवर आला. गमछा हातात, चेहरा उतरलेला.

"सेठ, गॅसनं ताडपत्री फुगते का जी?"

"काऊन?"

"या ना, पाहा तुम्हीच."

दाराला वरच्या बाजूला काचेची लहान खिडकी आहे. मी स्टुलावर चढलो. काचेवर धूळ होती. आतून छपरातल्या पारदर्शक पत्र्याचा पांढुरका उजेड. पहिली थप्पी स्पष्ट दिसत होती. तिच्यावरची ताडपत्री हळूच वर आली. थांबली. मग खाली बसली. पुन्हा वर.

गॅस असेल, म्हटलं. ऊन तापलं की हवा फुगते. मग नजर दुसऱ्या थप्पीवर गेली. तीही वर येत होती. तिच्यामागची, तिच्याही मागची, अंधारात जिथवर दिसत होतं तिथवरची प्रत्येक ताडपत्री, एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. झोपलेल्याचं पोट हलतं तशी.

मी स्टुलावरून उतरलो.

"कोणी आहे का जी आत?" सुकरामनं विचारलं.

मी काही बोलायच्या आधी त्यानं गमछा तोंडाला गुंडाळायला सुरुवात केली. "मी जातो. एक दम धरून जातो अन् पाहून येतो. माणूस असला तर ओढून आणतो."

"सुकरामकाका, वेडे झाले का?" डिंपल धावत आली. "एका दमात तुम्ही परत नाही येणार. मरून जाल!"

"अन् आतला मेला तर, बाई? एक डाव मी पण आत झोपलो होतो ना."

तो दाराची पट्टी उकलायला वाकला. मी त्याचा हात धरला. तेव्हा एका बाजूला सुकराम होता, घामानं भिजलेला, दोन पोरींचा बाप. दुसऱ्या बाजूला काय होतं हे मला माहीत नव्हतं. फक्त एक आकडा होता. त्याला थोपवून मी गेटवर जाऊन नमुना घेतला. दार बंद होतं, पट्टी अखंड होती, आणि रिकाम्या खान्यांचा हिस्सा वाढला होता. थोडा नाही. निम्म्याच्या जवळ. एवढी माणसं गोदामात मावलीच नसती.

परत येऊन मी सुकरामला म्हटलं, "आत माणूस नाही."

"तुम्हाले कसं माहीत?"

"मला माहीत आहे. दार उघडायचं नाही."

त्यानं पट्टीची उकललेली कड अंगठ्यानं परत दाबली. दाराच्या आतल्या बाजूनं, अगदी त्याच्या अंगठ्याच्या उंचीवर, कणी चुरल्यासारखा आवाज झाला. आम्ही तिघंही गेटकडं चालत आलो. पळालो नाही. कशाला खोटं सांगू, पळायची हिंमत नव्हती.

७

आठवडा झाला. दार उघडायच्या दिवशी मी दुपारचंच ऊन निवडलं. कायदा असा की पहिल्या दिवशी फक्त दार उघडायचं, गॅस निघून जाऊ द्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही. मी पट्टी ओढून काढली, सुकरामनं दार सरकवलं, डिंपल ओढणी नाकाला लावून जवळच उभी. आतून लसणासारखा वास आला. काचेतून दिसलेलं काही नव्हतं. ताडपत्र्या सपाट, थप्प्या जागच्या जागी. थोड्या वेळानं आम्ही गेटवर येऊन बसलो. दार उघडायच्या आधी मागवलेला चहा निवून त्यावर साय धरली होती.

ऊन उतरल्यावर मी नमुना घेतला.

रिकाम्या खान्यांचा हिस्सा: शून्य.

मी आणखी एकदा घेतला. शून्य. खुर्चीत मागं टेकलो आणि, खरं सांगतो, रडायलाच आलं. संपलं होतं. मशीनचा घोळ असो, नाहीतर आणखी काही, संपलं होतं. संघदीपला फोन केला.

"शून्य, बेटा!"

"अरे वा काकाजी!" तोही मोकळा हसला. मग म्हणाला, "जरा खाली पाहा बरं, त्याच कॉलमची दोन टोकं लिहिलेली आहेत. सगळ्यात आधीची वेळ, सगळ्यात नंतरची. नंतरची कोणती आहे?"

मी पाहिलं.

"काकाजी? गोळ्या ठेवल्या त्या दिवशीची असेल ना? शेवटी सुकराम बाहेर आला ती. त्याच्यानंतर आत तर कोणीच गेलं नाही."

"नाही," मी म्हटलं. "आजची आहे."

"आजची? आज कोणी आत गेलं का?"

"नाही गेलं. आज दुपारची आहे. आम्ही दार उघडलं तेव्हाची."

त्यानं फोन ठेवला, की मी ठेवला, आठवत नाही.

डिंपल बाजूच्या खुर्चीवर पर्स आवरत होती. तिला आकडेवारी दिसत नव्हती, ती तिला कधीच दिसत नव्हती. मी स्क्रीन बंद केला.

"डिंपल, दुपारी दार उघडलं तेव्हा तू बाजूला काऊन सरली होती?"

"वारा यायला पाहिजे ना, म्हणून."

"खरं सांग."

तिनं पर्सची चेन लावली, परत उघडली. "तुम्हीच सरले ना पहिले, बाबूजी. खाली मान घालून. मग सुकरामकाका सरले. मला वाटलं कोणी येऊन राहिलं, म्हणून मी पण वाट दिली."

बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज पार विरून जाईपर्यंत मी थांबलो.

"आणि किती वेळ उभे होतो आपण तसे?"

"पुष्कळ वेळ," ती म्हणाली. "सुकरामकाकाचे तर पाय भरून आले होते, बाबूजी."